चार्जरची पिन एक झाली, पण वायर अजून पारखूनच घ्यावी लागते

अमरावती/अकोला : मागच्या खरिपातली गोष्ट. ई-पीक पाहणी करायला सकाळीच वावरात गेलो. रात्री गावात लाइन तीन-चार तासच होती, पण तेवढा वेळ मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला होता. बांधावर लोकेशन चालू केलं, पऱ्हाटीचा फोटो काढायला गेलो अन् मोबाइल बंद. मोबाइल खराब झाला म्हणून दुकानात नेला. दुकानदारानं दुसरी वायर लावून पाहिली अन् म्हणाला, "मोबाइलले काही झालं नाही भाऊ, तुमची वायरच बोगस आहे." बाजारातून पन्नास रुपयांत घेतलेली वायर होती ती.

विषय छोटा वाटतो, पण आता छोटा राहिला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी राज्यभर मोबाइलवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयनं हमीभावानं कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायला लावली. ओटीपी मोबाइलवर, पैसे आल्याचा मेसेजही मोबाइलवर. ऐन वेळी मोबाइल बंद म्हणजे कामच बंद.

पिन एक झाली ती कशी?

आधी घरात चार मोबाइल अन् चार तऱ्हेचे चार्जर असत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं बैठक घेतली, तिथं टप्प्याटप्प्यानं सी-टाइप पिन आणायचं ठरलं. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं (बीआयएस) सी-टाइपचं मानक जाहीर केलं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलला हीच पिन सक्तीची झाली. ॲपलनंही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला सी-टाइप दिली.

चांगलंच झालं. पण यातून एक गैरसमज पसरला, की पिन बसली म्हणजे वायर चालते. तसं नाही. पिनचा आकार सारखा आहे, आतली तार सारखी नाही.

आत काय असतं?

साध्या वायरीत चार तारा असतात. दोन करंटच्या, दोन डाटाच्या. स्वस्त वायरीत कधी डाटाच्या दोन तारा टाकतच नाहीत. अशा वायरीवर मोबाइल चार्ज होतो, पण सेतू केंद्रात कॉम्प्युटरला जोडला तर फोटो, कागदपत्रं दिसत नाहीत. आपण म्हणतो कॉम्प्युटर खराब.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. विहिरीवरच्या मोटारीला लांब अन् बारीक केबल टाकली तर व्होल्टेज पडतं, मोटार पाणी उचलत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मोबाइलचंही तसंच आहे. अडॅप्टर ५ व्होल्टचा, करंट २ ॲम्पियर अन् वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स अर्धा ओहम असला, तर १ व्होल्ट वायरीतच संपतो. मोबाइलपर्यंत ४ च पोहोचतात. मग मोबाइल करंट कमी घेतो अन् चार्जिंग रेंगाळतं. ज्या गावात लाइन मोजकेच तास असते, तिथं हा फरक लय मोठा आहे.

तिसरं, दोन्हीकडे सी-पिन असलेली मानकाप्रमाणे बनवलेली साधी वायर ३ ॲम्पियर, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. त्याच्या वर ५ ॲम्पियरच्या वायरीत छोटी चिप लागते. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच अडॅप्टर अन् वायरीवर चालतं. दुसरी वायर लावली तर मोबाइल चार्ज होतो, पण हळू.

घेताना काय पाहायचं?

- मोबाइलच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात व्होल्ट, ॲम्पियर, वॅट लिहिलेले असतात. ते पाहून तेवढ्या ॲम्पियरची वायर मागा.
- "डाटा चालते का?" हे विचारा. दुकानातच कॉम्प्युटरला लावून पाहा.
- काही वायरींवर एडब्ल्यूजीचा आकडा छापलेला असतो. हा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. करंटसाठी २८ पेक्षा २४ ची तार चांगली.
- गरज नसेल तर तीन मीटरची घेऊ नका. एक मीटर पुरते.
- अडॅप्टरवर बीआयएसचा आर-नंबर पाहा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून खरा-खोटा कळतो.
- बिल घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

फवारणी पंपाची बॅटरी बहुतेक १२ व्होल्टची असते. तिला तिचाच चार्जर लावा, मोबाइलच्या चार्जरचे जुगाड नको. स्वस्त टॉर्च कधी दोन्हीकडे सी-पिन असलेल्या वायरीवर चार्जच होत नाही, कारण आतला एक छोटा भाग बनवणाऱ्यानं वाचवलेला असतो. तिला एकीकडे जुनी चपटी पिन असलेली वायर लावून पाहा, टॉर्च फेकू नका.

एसटी स्टँडवर किंवा कुठंही लोंबकळत असलेल्या वायरीला मोबाइल लावू नका. अशा वायरीतून मोबाइलमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ च्या पुस्तिकेत दिला आहे. आपला अडॅप्टर, आपली वायर जवळ ठेवा.

मुद्दा काय?

सरकारनं पिन एक केली, अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं बाजारात अडलं आहे. गावात मिळणाऱ्या कितीतरी वायरींवर किती ॲम्पियर, डाटा आहे का नाही, काहीच लिहिलेलं नसतं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापतात, खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश छापतात. मग वायरीवर तिची ताकद मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात का छापू नये? शहरातला माणूस दुसरी वायर लगेच मागवतो. आपल्याला तालुक्याला जायचं म्हणजे भाडं अन् एक दिवसाची मजुरी जाते.

तोपर्यंत पारख आपणच करायची. पन्नासच्या तीन वायरी घेण्यापेक्षा दीडशेची एक पाहून घेतलेली बरी. मी आता तशीच घेतली आहे. यंदा पाहणीच्या दिवशी मोबाइल पुरला.