कॅप्टनने माऊस सोडावा!

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं अडखळतं, तेव्हा सांभाळून घ्या! यंदा एसएईइंडियाच्या ‘बाहा’ स्पर्धेच्या गाडीसाठी मला डिझाईन टीमची कॅप्टन केलं. कारण काय, तर माझं कॅड सगळ्यात फास्ट. मला वाटलं, कॅप्टन म्हणजे तेच काम, फक्त जास्त!

एका ज्युनियरने सस्पेन्शनच्या ब्रॅकेटचं ड्रॉईंग दिलं. मला ते जड वाटलं. रात्री हॉस्टेलवर बसून, त्याला न विचारता, मी ते बदललं. १५० ग्रॅम वाचले म्हणून खूशही झाले. वर्कशॉपमध्ये जोडणी करताना बोल्टवर पानाच बसेना. तो हळूच म्हणाला, "ताई, पाना फिरायला मी जागा सोडली होती." दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये दाखवलंय, की माणसं वाढली की आपसात बोलणाऱ्यांच्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात. आम्ही १२ जण, म्हणजे ६६ जोड्या! त्यातली एक तुटली तरी काम अडतं. या जोड्या सांभाळणं हेच कॅप्टनचं खरं काम.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, चांगला डिझायनर आपोआप चांगला कॅप्टन होत नाही. पुढच्या वर्षी निवड करताना सरांनी आणि सीनियर्सनी ‘कोणाचं ड्रॉईंग उत्तम’ याबरोबरच ‘दुसऱ्याला विचारतो कोण’ हेही बघावं.

असो. त्याला मेसमध्ये गाठून मी सॉरी म्हटलं. तो परत आला. ब्रॅकेट आता त्याचंच आहे. १५० ग्रॅम जड, पण पाना फिरतो!