फी हॅमची, थकबाकी सरकारची

हॅम रेडिओवाल्यांची बैठक कुठलीही असो, दुसरा चहा येईपर्यंत एक तक्रार हमखास निघते. ‘आम्ही या छंदातून दमडी कमवत नाही, उलट पदरमोड करतो. पूर आला, भूकंप झाला की सेट उचलून धावतो. आणि सरकार आमच्याकडूनच परीक्षेची फी घेणार, परवान्याची फी घेणार?’ मग ठराव ठरलेला: हौशी रेडिओची फी माफ झाली पाहिजे. या तक्रारीतली तळमळ खरी आहे, हिशेब मात्र चुकलेला आहे. आणि तो चुकल्यामुळे जे मागायला हवे ते मागायचे राहून जाते.

तेव्हा आधी हिशेबच पाहू. हॅमची परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग घेते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तिला बसता येते. परीक्षेची फी 100 रुपये. पुढे वीस वर्षांच्या परवान्याला 1,000 रुपये, आणि वयाच्या ऐंशीपर्यंत चालणाऱ्या आजीवन परवान्याला 2,000 रुपये. म्हणजे वीस वर्षांच्या परवान्याला वर्षाला पन्नास रुपये. विरार स्टेशनबाहेर त्यात दोन-तीन वडापाव येतील, वर चहा मागितला तर पैसे कमी पडतील. नालासोपाऱ्यातल्या बारा वर्षांच्या मुलीने आजीवन परवाना काढला तर तिला तो अडुसष्ट वर्षे पुरेल आणि वर्षाचा खर्च तीस रुपयांच्याही आत बसेल.

या पैशांत तिला काय मिळते? 7 मेगाहर्ट्झवर देशभर आणि 14 मेगाहर्ट्झवर जगभर बोलण्याची मुभा. 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्झवर गावातल्या गावात, डोंगरावरून डोंगरावर बोलण्याची सोय. मोर्ससह जनरल श्रेणी पास झाली तर 400 वॉटपर्यंत ताकद आणि व्हीयू2 ने सुरू होणारी, जगात दुसऱ्या कोणाकडेही नसलेली कॉल साइन. याच आकाशातल्या पट्ट्यांसाठी 2022 च्या लिलावात मोबाइल कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. कंपन्या धंदा करतात आणि हॅमला धंद्याची बंदी आहे, हे कबूल. पण म्हणूनच तर एकाचा आकडा कोटींत आणि दुसऱ्याचा पन्नास रुपयांत आहे. भेद आधीच केलेला आहे.

आता फीमाफीच्या बाजूने येणारे युक्तिवाद एकेक करून घेऊ.

पहिला युक्तिवाद मालकीचा. ‘लहरी जनतेच्या आहेत, सर्वोच्च न्यायालयानेच तसे म्हटले आहे. मग आपल्याच वस्तूचे भाडे आपण का भरायचे?’ बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या प्रकरणात फेब्रुवारी 1995 मध्ये न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले, हे खरेच. पण त्याच निकालात पुढे असेही आहे की ही मालमत्ता मर्यादित आहे, म्हणून तिचे नियमन सार्वजनिक यंत्रणेनेच केले पाहिजे. अर्धा निकाल सांगायचा आणि अर्धा गिळायचा, याला युक्तिवाद म्हणत नाहीत. जे सगळ्यांचे असते तिथेच नियम लागतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले तर तिसऱ्याला दोघांपैकी कोणाचेच ऐकू येत नाही.

दुसरा युक्तिवाद आठवणींचा आहे आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना तो पटकन पटतो. एकेकाळी घरात रेडिओ ठेवायलाही लायसन्स लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पंधरा रुपये भरायचे आणि पुस्तिकेत तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात सरकारने ते लायसन्स बंद केले आणि कोणाचे काही बिघडले नाही. मग हे तरी का ठेवायचे? इथे वडाची साल पिंपळाला लावली जाते. बिनाका ऐकणाऱ्या माणसाच्या रेडिओमुळे शेजाऱ्याचा रेडिओ बंद पडत नव्हता, कारण तो फक्त ऐकत होता. हॅम प्रक्षेपण करतो. त्याचा सेट बिघडला, हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या नको त्या लहरी, भलतीकडे गेल्या, तर दुसऱ्या कोणाच्या तरी संपर्कात खरखर शिरते. ऐकणाऱ्याचे लायसन्स जाणे योग्यच होते, आणि ज्या कारणासाठी ते गेले ते कारण बोलणाऱ्याला लागू होत नाही.

तिसरा युक्तिवाद सेवेचा. त्याला मात्र आदराने उत्तर द्यायला हवे, कारण त्यामागे खरी कामे आहेत. 1993 चा लातूरचा भूकंप असो की 2001 चा भूजचा, हॅम सेट घेऊन पोचले होते. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा व्हीयू2आरबीआय या कॉल साइनच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्यांच्या स्टेशनवरून अंदमानातल्या माणसांची खबर मुख्य भूमीवर जात राहिली. पश्चिम बंगालमधले हॅम गंगासागर मेळ्यात हरवलेल्यांना घरी पोचवतात. हे सारे अभिमानाने सांगावे असेच आहे.

पण यातून फीमाफी कशी निघते? भारती प्रसाद अंदमानात होत्या त्या सरकारची खास परवानगी घेऊन. परवाना होता म्हणून त्या तिथे होत्या, आणि तिथे होत्या म्हणून कामाला आल्या. पुरात होडी घालून माणसे काढणारा अर्नाळ्याचा मच्छीमार आपल्या बोटीच्या नोंदणीचे पैसे भरतोच, आणि सेवा केली म्हणून तो नोंदणी नाकारत नाही. शिवाय सगळेच हॅम आपत्तीत उतरत नाहीत. अनेकांना दूरदेशीचा अनोळखी आवाज पकडून संपर्काची पोच देणारे त्याचे क्यूएसएल कार्ड मिळवण्यातच आनंद असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण माफी सेवेच्या नावाने मागितली तर सेवा केल्याचा दाखलाही मागितला जाईल. पन्नास रुपये वाचवायला एक नवी खिडकी आणि एक नवा शिक्का हवा आहे का?

चौथा युक्तिवाद परदेशाचा: ‘तिकडे सगळे फुकट असते.’ ब्रिटनमध्ये ऑफकॉमकडून ऑनलाइन घेतलेला परवाना 2006 पासून फुकट आहे, हे बरोबर. अमेरिकेतही अनेक वर्षे पैसे नव्हते, पण एप्रिल 2022 पासून तिथे दहा वर्षांच्या परवान्याला 35 डॉलर पडतात. आधी 50 डॉलरचा प्रस्ताव होता, हॅमनी आरडाओरडा केल्यावर तो खाली आला. जपानमध्ये हौशी स्टेशनकडून वर्षाला 300 येन घेतले जातात. तेव्हा जगाचा दाखला दिला तर तो दोन्हीकडे वाजतो. अमेरिकेकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, ती पुढे येईल.

पाचवा युक्तिवाद उघडपणे कोणी मांडत नाही, पण वागण्यात दिसतो. चिनी हँडी, म्हणजे हातातला वॉकीटॉकी, दोन-तीन हजारांत घरपोच येते, मग परवाना विचारतो कोण? असे म्हणणाऱ्याच्या तोंडी कधी कधी उषा मेहतांचेही नाव येते. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला तो कुठे परवाना घेऊन? तो इतिहास नीट वाचावा. त्या रेडिओचा ट्रान्समीटर जुळवणारे नरिमन प्रिंटर हे मुळात परवानाधारक हॅम. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी हौशी परवाने बंद करून सेट जमा करायला लावले. त्यानंतर जे बोलले ते परक्या सत्तेचा कायदा मोडण्यासाठी बोलले, आणि त्याची शिक्षाही त्यांनी भोगली. उषा मेहतांना चार वर्षांची कैद झाली. हजार रुपये वाचवण्यासाठी लपवलेल्या हँडीला त्या कैदेच्या पंक्तीला बसवू नये.

परवाना विचारणारेही आता आहेत. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आणि विक्रीचे नवे निर्देश जारी केले. वसई-विरार हा किनाऱ्याचा मुलूख आहे. 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बिनपरवाना हँडी घेऊन उभ्या असलेल्या पोराला पोलिसांनी हटकले, तर दोष पोलिसांचा नाही.

एवढे खंडन पुरे. फी योग्य आहे, आणि ती भरल्यावर पावती मिळते हा तिचा सर्वांत मोठा उपयोग आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल जाब विचारताना जीभ अडखळते. ज्याने पैसे भरले त्याने विचारावे की माझे काम कधी होणार, आणि विचारण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली थकबाकी वेळेची. परीक्षा, निकाल, पोलिस पडताळणी आणि मग परवाना, यात महिनेच्या महिने जातात. वर्षही उलटू शकते. सरल संचार पोर्टलमुळे अर्ज ऑनलाइन झाला, पण अर्ज ऑनलाइन झाला म्हणजे निर्णय वेळेत होतो असे नाही. वसईच्या तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला हवा असेल तर 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली आहे, अपील आहे, दिरंगाई केल्यास अधिकाऱ्याला दंड आहे. हॅमचा परवाना केंद्राचा, त्यामुळे हा कायदा तिथे पोचत नाही. फीमाफीच्या ठरावाऐवजी ‘इतक्या दिवसांत परवाना, नाही तर लेखी कारण’ एवढी एकच मागणी लावून धरली तर ती जास्त उपयोगाची ठरेल.

दुसरी थकबाकी अंतराची. परीक्षेसाठी जायचे ते मुंबईचे वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन बोरिवलीला गोराई रस्त्यावर आहे. विरारच्या मुलाला लोकलने सात स्टेशने, म्हणजे जवळच. पण मोखाड्याच्या मुलीला आधी एसटी, मग लोकल. तिच्यासाठी 100 रुपये फी ही खर्चातली सर्वांत लहान बाब असते. घरच्यांपैकी एकाचा बुडालेला रोज आणि दोघांचे येणे-जाणे त्याहून महाग पडते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकापासून परीक्षा घेण्याचे काम परवानाधारक स्वयंसेवक हॅमच करतात. सरकार फक्त नियम ठरवते आणि परवाना देते. तसे इथे झाले तर वसईच्या वर्तक कॉलेजात किंवा पालघरच्या एखाद्या शाळेत रविवारी सकाळी परीक्षा होऊ शकेल. आपली सेवा सरकारच्या उपयोगी पडते असे ज्या हॅमना वाटते, त्यांनी तिथे ती द्यावी.

तिसरी थकबाकी गच्चीवरची. 7 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 40 मीटर बँडचा डायपोल अँटेना म्हणजे साधारण 20 मीटर तांब्याची तार, मधोमध खाली उतरणारी केबल, दोन्ही टोकांना इन्सुलेटर आणि नायलॉनची दोरी. एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधायचे, दुसरे कठड्यावरच्या बांबूला. खालून बघितले तर कपडे वाळत घालायची दोरी वाटावी. पण वसई-विरारच्या चार मजली सोसायटीत ती बांधायची म्हटली की कमिटीची सभा लागते. कोणी म्हणतो मोबाइल टॉवर आला, कोणी म्हणतो वीज पडेल, आणि शेवटी चिटणीस म्हणतात, ‘बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ.’ पुढची मीटिंग येत नाही. केंद्राने दिलेला परवाना जिन्यावरच अडतो. इथे हॅमच्या बाजूने उभा राहील असा साधा, स्पष्ट नियम सरकारने करायला हवा. हजार रुपये घेणाऱ्याचे ते कर्तव्यच आहे.

चौथी थकबाकी जिल्ह्याची, आणि वसई-विरारसाठी तीच सर्वांत मोठी. जुलै 2018 च्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, वडोदरा एक्स्प्रेस अडकली आणि प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफ आली. मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसे अडकली, वीज गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनारा झोडपला. वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी संपली की गप्प होतो. अशा वेळी स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा सेट आणि शिस्तीत चालणारी नेट, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर भरणारी हॅमची बैठक, उपयोगी पडते. नेट कंट्रोल एकेकाला बोलावतो, बोलावल्याशिवाय कोणी बोलत नाही, आणि निरोपातले नाव, ठिकाण व माणसांची संख्या परत वाचून दाखवल्याशिवाय तो पुढे जात नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख असतात. त्यांच्या आराखड्यात पालघर जिल्ह्यातल्या परवानाधारक हॅमची कॉल साइनसह यादी असावी, तुंगारेश्वरच्या डोंगरावर रिपीटरला, म्हणजे आलेला संदेश पुढे पाठवणाऱ्या सेटला, जागा मिळावी आणि मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, महापालिकेच्या नियंत्रण कक्षातून एक दिवस तालीम व्हावी. यातली कोणतीच मागणी फीमाफीने पुरी होणार नाही. उलट यादी करायची तर ती फी भरून परवाना घेतलेल्यांचीच होईल. पुढच्या बैठकीत ठराव लिहिताना 1,000 रुपयांचे कलम खोडून तिथे यादी, रिपीटर आणि तालीम ही तीन कलमे घालावीत, आणि तो ठराव दिल्लीला पाठवण्याआधी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी.