नांगर कुठे पडतो, हेही पाहावे

वास्कोजवळील ग्रँड बेट हे गोव्यातील स्नॉर्कलिंगचे परिचित ठिकाण. पावसाळ्यात गाळाने गढूळलेले पाणी निवळते ते साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. म्हणून हंगाम ही निवडीची पहिली कसोटी. दुसरी मात्र दुर्लक्षित राहते. उथळ पाण्यातील प्रवाळांवर होडीचा नांगर पडला, की अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. शेजारच्या मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. तथापि समुद्रतळावर अहोरात्र पहारा ठेवता येत नाही. त्यामुळे स्वस्त फेरीपेक्षा प्रवाळांवर नांगर न टाकणारी होडी पर्यटकांनी आग्रहाने निवडावी. प्रवाळ मोडले, तर मासे पांगतील आणि त्यांच्या आधारावर चालणारा होडीवाल्यांचा व्यवसायही बुडेल.