केनाचं झाड आणि आपला डोंगर

वाचकांच्या पानासाठी आलेले कृष्णधवल निसर्गफोटो आम्ही दर महिन्याला टेबलावर शेजारी शेजारी मांडतो. चौकोनी फ्रेम, धरणाच्या पाण्यातून वर आलेलं एकच वाळकं झाड, दहा स्टॉपच्या एनडी फिल्टरनं गुळगुळीत केलेलं पाणी, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत अंधार. पाठवणारे कोल्हापूरचे, नाशिकचे, पार न्यू जर्सीचे. फोटो मात्र एकाच घरातली भावंडं. तंत्रात खोट काढायला जागा नसते. पण छापताना दोघांची नावं अदलाबदल झाली तर त्या दोघांखेरीज कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

या घराण्याचा मूळपुरुष मायकेल केना. इंग्लंडमधल्या विडनेस या कारखान्यांच्या गावात 1953 साली जन्मलेला. होक्काइदोच्या बर्फातली त्याची झाडं आणि कुंपणं आज जगभर गिरवली जातात. गिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याचा 1986 मधला एक फोटो पाहिलेला असतो: यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सचा फरसबंद, चढाचा बोळ. बिल ब्रँटनं हाच बोळ 1937 मध्ये टिपला होता. केना मुद्दाम तिथे गेला, तोच बोळ टिपला आणि फोटोच्या शीर्षकातच ब्रँटचं नाव घातलं. उसनवारी केली ती उघड, सही करून. मग हळूहळू तो ब्रँटपासून सुटला. ब्रँटचा काळा गच्च, त्यात तपशील शोधायला जाऊ नये. केनाचा राखाडी मऊ, रात्री तासन्‌तास चाललेल्या एक्स्पोजरमधून उतरलेला. प्रिंट तो स्वतः करतो, तीही जेमतेम आठ इंची. एवढ्याशा कागदावर दोन-तीन आकारच नीट उभे राहतात. त्याच्या फ्रेमच्या रितेपणाचं निम्मं श्रेय मी त्या कागदाला देतो. आपण रितेपणा घेतला, कागद घेतला नाही.

शिवाय त्याला बर्फ मिळालं, म्हणजे पांढरी जमीन आयती. सह्याद्रीत ती नाही. इथला बेसाल्ट काळा, पावसाळ्यात त्यावर हिरवं, आणि रंग काढले की हिरव्याच्या निम्म्याअधिक छटा एकाच मधल्या राखाडीत जाऊन बसतात. कोकणातल्या सड्यावर तर आणखी पंचाईत. श्रावणातला ओला जांभा आणि त्याच्या खाचांतलं गवत डोळ्यांना केवढं वेगळं दिसतं! सरळ डिसॅच्युरेट करून बघा: दगड कुठे संपला आणि गवत कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. चॅनेल मिक्सरमध्ये लाल वर घेतला की जांभा उजळून पुढे येतो, गवत खाली बसतं. हिरवा वर घेतला की उलट. दोन्हींत खोटं काहीच नाही. तो सडा तुम्हाला दगडाचा वाटला की गवताचा, एवढं ठरवायचं. मग तो निर्णय पुढच्या फोटोत टिकवायचा, त्याच्या पुढच्यातही. विकतचं प्रीसेट हे ठरवू शकत नाही, कारण ते त्या सड्यावर गेलेलं नसतं.

धुरकटपणाशी आपलं वैर का आहे, हे मला कधीच उमगलेलं नाही. वैशाखात घाटमाथ्यावरून पश्चिमेकडे बघा. पायाजवळची सोंड जवळजवळ काळी, तिच्यामागची शिशाच्या रंगाची, त्यामागची आणखी फिकी, आणि शेवटची कागदाच्या पांढऱ्याला टेकलेली. इतकी चोख टोनांची उतरंड हवाच करून देते, आणि आपले लोक घरी येऊन आधी डिहेझ ओढतात! धूसर हवेतले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून निळा चॅनेल वाढवला की रांगा एकमेकींपासून सुटतात, लाल वाढवला की जवळ येतात. पावसाळी ढगात हा उपाय चालत नाही. तिथले थेंब मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. तिथे वाट बघणं आलं.

याच्या अगदी उलट टोकाला इटलीतला मारिओ जाकोमेल्ली (1925–2000). सेनिगालिया या गावात त्याचा छापखाना होता आणि आसपासची नांगरलेली शेतं हा त्याचा वर्षानुवर्षांचा विषय. आकाश बहुधा नाहीच. मधला राखाडी त्यानं जवळपास हाकलून दिला. उरतात काळ्या-पांढऱ्या रेघा. शेतकऱ्याला ट्रॅक्टरनं हव्या तशा रेघा मारायला तो सांगायचा, हेही नोंदलेलं आहे. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावं असा प्रकार. मला तो आवडतो. जाकोमेल्लीचं शेत खाली नाव नसलं तरी ओळखू येतं.

आणि शैली एकदा सापडली की संपलं, असंही नाही. ॲन्सेल ॲडम्सच्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाची निगेटिव्ह 1941 ची. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिके पट्टे दिसतात; 1970 च्या दशकातल्या प्रिंटमध्ये ते आकाश जवळपास काळं झालेलं आहे. निगेटिव्ह तीच, हातही तोच, मत बदललेलं.

तर पुढल्या अंकापासून वाचकांच्या पानासाठी सुटा फोटो स्वीकारणार नाही. एकाच परिसरातले सहा कृष्णधवल फोटो पाठवावेत, किमान दोन ऋतूंतले, आठ इंची प्रिंट काढून. सोबत मूळ रंगीत फाइल, आणि कुठला रंग उजळला, कुठला दाबला, हे चार ओळींत. कुणाची छाप असेल तर त्याचं नाव बेलाशक लिहावं, त्यापायी फोटो मागे पडणार नाही. धरणातलं झाडही चालेल. मात्र मग सहाही फोटो त्याच झाडाचे हवेत.