प्रबंध शेवटून वाचावा

हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले ते १९३१ साली. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर म्हटले की आपल्याला ज्ञानकोशाचे तेवीस खंड आठवतात. पण या माणसाच्या लेखणीची सुरुवात एका पीएच.डी.च्या अभ्यासाने झाली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी मनुस्मृतीच्या पुराव्यावरून भारतातल्या जातिसंस्थेचा इतिहास तपासला आणि ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हे पुस्तक १९०९ मध्ये छापून निघाले. तेव्हा केतकरांचे वय होते पंचवीस. त्याच साली मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून आपल्या सगळ्यांच्या मागे हे वार्षिक काम लावून दिले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण दिवाळी अंकाचे संपादकीय लिहिणाऱ्याला असा योगायोग सोडवत नाही.

केतकरांचे ते पुस्तक आज घरबसल्या, फुकट, मोबाइलवर वाचता येते. संमेलनाला जमलेल्या मंडळींपैकी फारच थोड्यांनी ते डोळ्यांनी पाहिले असेल. तेव्हा सोय नव्हती. आता सोय आहे, तरी प्रबंध वाचतो कोण? मार्गदर्शक, परीक्षक आणि त्याच विषयावर पुढे पीएच.डी. करायला बसलेला बिचारा विद्यार्थी. आम्हाला ही यादी वाढवायची आहे. म्हणून यंदा आम्ही आमच्या लेखकांना एकच गृहपाठ दिला: आपल्या विषयाच्या बाहेरचा एक प्रबंध उघडा, नेटाने वाचा आणि काय सापडले ते लिहा. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या वाट्याला भूकंप आला, औषध कंपनीत काम करणाऱ्या बाईंच्या वाट्याला मराठी कादंबरी आली. तक्रारी भरपूर झाल्या. लेख चांगले आले.

हे शक्य झाले ते ‘शोधगंगा’मुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.चे नवे नियम काढले आणि पदवी मिळालेल्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे सक्तीचे झाले. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने एका जागी आणल्या, तीच शोधगंगा. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने अशी प्रत १९९७ मध्येच सक्तीची केली होती. आपल्याकडेही म्हैसूर विद्यापीठात ‘विद्यानिधी’ नावाचा प्रयत्न आधी होऊन गेला होता. शोधगंगेत आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. शेतीचा मामला वेगळा. परभणी, राहुरी, अकोला इथल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या दुसऱ्या संग्रहात मिळतात. मराठवाड्यातल्या तुरीला मर रोग का लागतो आणि कोणते वाण त्याला दाद देत नाही, हे शोधायचे असेल तर तिथे जावे. आणि मग आपल्याच हैदराबादबाहेरच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचा खुला संग्रहही पाहावा. त्यांच्या मर-प्रतिकारक ‘मारुती’ तुरीने १९८६ नंतर कर्नाटक-महाराष्ट्राच्या शेतात काय केले, ते तिथे कळते.

शोधगंगेवर पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतो. प्रबंध अखंड मिळत नाही, त्याचे तुकडे मिळतात. मुखपृष्ठाची एक फाइल, प्रतिज्ञापत्राची दुसरी, मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राची तिसरी, मग ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, संदर्भसूची. शेवटी ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ नावाची एक फाइल असते, तिच्यात बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्ष एकत्र बांधलेले असतात. घाईतला वाचक ती उघडतो, निष्कर्ष वाचतो, ‘यात नवीन काय?’ म्हणतो आणि निघून जातो.

आमचा अनुभव असा की निष्कर्ष हा प्रबंधातला सगळ्यात निर्जीव भाग असतो. तो परीक्षकासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात सगळे आधीच मान्य असलेले असते. पहिले प्रकरण त्याहून वाईट. संशोधन म्हणजे काय, कादंबरी म्हणजे काय, ग्रामीण म्हणजे काय. अमुक यांची व्याख्या, तमुक यांची व्याख्या, आणि शेवटी संशोधकाची स्वतःची, जी या दोघांची बेरीज असते. शीर्षकाच्या शेपटीला ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शब्द लावले नाहीत तर पदवी अडते, अशी समजूत मराठी विभागांतून पसरलेली दिसते.

जिवंत मजकूर असतो परिशिष्टात. मार्कांसाठी तो कुणी मोजत नाही, म्हणून तो मोकळा असतो. मुलाखतींचे पूर्ण उतारे, प्रश्नावल्या, गावातल्या विहिरींची यादी, बाजाराच्या दिवशी घेतलेले भाव, म्हाताऱ्या बाईने सांगितलेली आणि प्रकरणात कुठेच न मावलेली गाणी. त्याखालोखाल ऋणनिर्देश. नोकरी सांभाळून सहा-सात वर्षे रेटलेल्या कामात कुणाकुणाचा हात लागला ते तिथे कळते: रजा मंजूर करणारे मुख्याध्यापक, शेत गहाण टाकणारे वडील, ‘वेळोवेळी सहकार्य’ करणारी पत्नी, रात्री दोनपर्यंत दुरुस्त्या करणारा डीटीपीवाला. महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा सामाजिक इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने फक्त ऋणनिर्देशांच्या फाइली उतरवून घ्याव्यात. म्हणून आमच्या लेखकांना आम्ही सांगितले होते की प्रबंध शेवटून वाचा.

आता भूकंपाकडे येतो, कारण तो आपल्या फार जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. जवळपास दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हादरे हैदराबादेतही जाणवले होते. आपल्यातल्या ज्यांचे नातेवाईक लातूर-उस्मानाबादकडे होते त्यांना त्या दिवशीचे बंद पडलेले फोन अजून विसरता येत नाहीत. पण या भूकंपाचा पुढचा अभ्यास मोठ्या प्रमाणात आपल्याच उप्पल रोडवर झाला, हे किती जणांना ठाऊक आहे? हबशीगुड्याची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, म्हणजे एनजीआरआय. तिच्या फाटकासमोरून आपण आता मेट्रोने जातो. दख्खनचा हा भाग स्थिर समजला जात होता, इथे एवढा मोठा धक्का बसायचे कारणच नव्हते. म्हणून त्यांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतली. वरचे ३३८ मीटर काळा बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन खडक. आमच्या बँकवाल्या लेखकाने हे आकडे वाचून विचारले, ‘म्हणजे आमच्या शिवारात पाण्यासाठी बोअर घेणारे मधेच सोडून देत होते म्हणायचे.’ प्रश्न शास्त्रीय नव्हता, पण प्रबंधातली आकृती त्याने नीट पाहिली होती याचा तो पुरावा होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपापासून याच संस्थेतली माणसे सह्याद्रीच्या पोटात काय चालले आहे ते ऐकत बसली आहेत आणि कोयना-वारणेच्या धक्क्यांवर हैदराबादेत बसून डॉक्टरेट केलेले लोक आहेत. पाटण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पायाखालच्या जमिनीची माहिती तारनाक्याच्या परिसरात साठलेली आहे, आणि ती इंग्रजीत आहे. हा लेख आम्ही अंकात पहिला घेतला आहे.

तारनाक्यावरून पुढे गेले की उस्मानिया. १९१८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, पण निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते, तेव्हा मराठीला तिथे जागा होतीच. विभागप्रमुख राहिलेले कवी ना. गो. नांदापूरकर यांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांची महाभारते शेजारी शेजारी ठेवून तपासली. ऑगस्ट १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत तिकडची महाविद्यालये उस्मानियाशीच जोडलेली होती. बाबासाहेब आंबेडकरांना याच उस्मानियाने जानेवारी १९५३ मध्ये डी.लिट. दिली. त्यांचे कोलंबियातले आणि लंडनमधले प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आणि रुपयावर होते. ते आज सर्वांना वाचता येतात, आणि भल्याभल्यांनी ते फक्त भाषणात उल्लेखापुरते वापरलेले असतात.

एखाद्या विषयाचा पत्ता त्याच विषयाच्या खोलीत मिळेल असेही नाही. दख्खनच्या बायका जात्यावर ओव्या म्हणत, हे आपल्याला मराठीच्या तासाला शिकवले. पण विजापूरकडच्या सुफींनी बायकांसाठी दखनीत जात्यावरची गाणी रचली, ‘चक्कीनामे’, ज्यांत जात्याच्या भागांवरून अध्यात्म सांगितले आहे, हे रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॉक्टरेटच्या निमित्ताने धुंडाळले. त्यातून १९७८ साली ‘सुफीज ऑफ बिजापूर’ हे पुस्तक झाले. त्याला लागलेली काही हस्तलिखिते हैदराबादच्या इदारा-ए-अदबियात-ए-उर्दूत होती. म्हणजे पंजागुट्ट्याच्या इमारतीतले कागद विस्कॉन्सिनला समजले, आणि काचीगुड्यातल्या ओव्यांच्या अभ्यासकाला त्यांची गंधवार्ता नाही. ओवीवर मराठीत प्रबंध थोडे झालेले नाहीत. त्यांतल्या किती संदर्भसूचींत चक्कीनामा सापडतो, ते कुणी तरी मोजावे. आमचा अंदाज आम्ही मनातच ठेवतो.

आता तक्रारी. मराठी प्रबंध शोधणे ही शिक्षा आहे. नोंदीत शीर्षक बहुतेकदा रोमन लिपीत टाकलेले असते, आणि ते टाकणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. एकाच शब्दाची चार-चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात. प्रबंध सापडला तरी तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉण्टमध्ये टाइप केलेला असतो. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा काला होतो. शोधयंत्राला तोच काला दिसतो. काही फाइली तर झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या, पानाची कड कापलेली. वाङ्मयचौर्याला आळा घालायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले, दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालेल, पुढे कारवाई. पण जो मजकूर यंत्राला वाचताच येत नाही त्यात साम्य कुठून सापडणार? जुना फॉण्ट ही काही जणांची सोय झाली आहे, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. तरी म्हणतो. मराठी विभागांनी युनिकोडशिवाय प्रबंध स्वीकारूच नये. याला ना निधी लागतो ना समिती.

पगारवाढीसाठी आणि बढतीसाठी लिहिलेले प्रबंध पुष्कळ आहेत, हेही खरे. त्यांच्यावर हसणे सोपे आहे आणि त्यांच्यावर विनोदी लेख दर दिवाळीला येतात. आम्हाला त्यात रस उरलेला नाही. पगारवाढीसाठी का होईना, जो माणूस तालुक्यातल्या चाळीस वीटभट्ट्या फिरून आला, त्याचे तक्ते खरे असतात.

आणि शोधगंगेच्या यादीत नसलेले प्रबंधही आठवावेत. फेलोशिप थकली म्हणून, मूल झाले म्हणून, मार्गदर्शकाशी जमले नाही म्हणून सुटलेली कामे कुठल्याच संग्रहात जात नाहीत. गचीबावलीच्या हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे नाव जानेवारी २०१६ मध्ये त्याच्या आत्महत्येने देशभर झाले; त्याचा प्रबंध शोधगंगेत कधीच येणार नाही.

२००९ च्या आधीचे काम जसे जमेल तसे चढवले जात आहे, पण अजून पुष्कळ बाकी आहे. आणि पडद्यावर आले म्हणजे कायमचे राहिले, असेही समजू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधल्या प्रबंधांचे ‘इथॉस’ हे अख्खे दालन बंद पडले. तेव्हा ग्रंथालयांनी रेक्झिनच्या बांधणीतल्या, सोनेरी अक्षरांच्या त्या प्रती जागा अडते म्हणून रद्दीत काढू नयेत.

आपल्या शहरातल्या मराठी घरांत जुने डॉक्टरेटवाले कमी नाहीत. रसायनशास्त्र, शेती, संस्कृत, वस्त्रोद्योग, काहीही. त्यांची प्रत कपाटात असते आणि नातवंडांनी ती उघडलेली नसते. पुढच्या अंकापासून आम्ही ‘परिशिष्ट’ नावाचे सदर सुरू करत आहोत. आपल्या किंवा आईवडिलांच्या प्रबंधातली दहा पाने निवडा, मराठी नसतील तर मराठीत आणा, शेजारच्याला समजेल अशी चार वाक्ये वर लिहा आणि गणपतीच्या आत आमच्याकडे पोहोचवा. युनिकोडमध्ये. मानधन नेहमीचेच, म्हणजे अंकाच्या दोन प्रती. निष्कर्ष मात्र कृपया पाठवू नयेत.