सरकारी खात्याचे पान : खिडकी की भिंत?

सरकारी खात्यांच्या फेसबुक पानांवर आपण सगळेच अधूनमधून डोकावतो. तिथे काय दिसते? उद्घाटने, फिती, शाली, श्रीफळे आणि मंत्रिमहोदयांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. खाली कुणीतरी विचारलेले असते, "आमच्या वाड्यावर चार दिवस नळाला पाणी नाही, कधी येणार?" उत्तर नसते. दुसऱ्या दिवशी पाहावे तर कधीकधी प्रश्नही नसतो! पाणी आले म्हणून नव्हे, कुणीतरी तो पुसला म्हणून.

माझे म्हणणे सरळ आहे. खात्याने लोकांना लिहायची जागा उघडी ठेवली की ते पान त्या खात्याची खिडकी झाले. मामलेदार कचेरीतल्या खिडकीला जे नियम, तेच याही खिडकीला. तिथला कारकून आपला अर्ज घेऊन आपल्यासमोर फाडत नाही. अर्ज कितीही नकोसा असो, त्यावर आवक क्रमांक पडतो. मग इथे बोटाच्या एका टिचकीने अर्ज नाहीसा करण्याचा अधिकार कुणी दिला?

गोव्यातले उदाहरण दिले की लगेच त्यात पक्ष शोधले जातात, म्हणून जरा दूरचे घेऊ. नार्नूर हा तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या सीमेजवळचा डोंगराळ मंडल. गोंडी, कोलामी, बंजारा बोली, मराठी आणि तेलुगू, अशा सगळ्या भाषांचा हा मुलूख. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मागास तालुक्यांसाठी 'आकांक्षित तालुका' कार्यक्रम सुरू केला, त्यात नार्नूर होते. २१ एप्रिल २०२५ रोजी, नागरी सेवा दिनी, त्याच कामासाठी नार्नूरला पंतप्रधान पुरस्कार मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. असे पुरस्कार सरकारी पानांवर झळकतात, झळकावेतही. पण खरी परीक्षा पुढे आहे. नार्नूरच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईने त्या फोटोखाली मराठीत किंवा गोंडीत लिहिले की "आमच्या अंगणवाडीत अजून हे पोचले नाही", तर त्या ओळीचे काय होते?

तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. पण संविधानाचे कलम ३५० सांगते की गाऱ्हाणे मांडणारा नागरिक संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते मांडू शकतो. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. त्याचे कलम ४ म्हणते की माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा. म्हणजे भाषा ही सरकारच्या मर्जीची बाब नाही. आपण देवळात गाऱ्हाणे घालतो तेव्हा देव राजभाषेचा दाखला मागत नाही. सरकार देवापेक्षा मोठे झाले काय?

"इतक्या भाषा जाणणारी माणसे आणायची कुठून?" ही सबब ठरलेली आहे. तिचे उत्तर याच आदिलाबादेत आहे. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, तेव्हा कुठे निजाम सरकारला जाग आली. गोंडांची गाऱ्हाणी समजून घ्यायला हैमेंडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ पाठवले गेले. गोंड मुलांसाठी गोंडीतली पुस्तके निघाली, तीही देवनागरी लिपीत. आणि आपले सेतुमाधवराव पगडी! शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण हैदराबाद संस्थानच्या नोकरीत ते आदिलाबादेत अधिकारी होते. तिथे ते गोंडी शिकले आणि त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले. तेव्हा ना मोबाइल होता ना भाषांतर करणारे यंत्र. आज दोन्ही हाताशी असताना सबब तीच. निवडणुकीच्या दिवसांत मात्र मते मागायला सगळ्या भाषा जाणणारी माणसे बरोबर सापडतात!

आता आपल्या घराकडे वळू. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद झाली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर, हे सरकारचे धोरण. मग मराठीत लिहिलेल्या कमेंटला काय? टपालाने आलेले पत्र ते पत्र, आणि मोबाइलवरून आलेले ते कचरा? कोंकणीत लिहिणाऱ्यानेही हाच प्रश्न विचारावा. इथे भाषावादाची जुनी भांडणे काढायचे कारण नाही, कारण इंग्रजीतल्या शुभेच्छांपुढे आपण दोघेही सारखेच मुके आहोत.

शिवीगाळ, धमक्या, एखाद्याच्या घरच्यांची बदनामी, हे पुसायलाच हवे. त्याला माझी हरकत नाही. पण शिवी आणि टीका यांतला फरक पान सांभाळणाऱ्या कंत्राटी मुलाच्या किंवा साहेबांच्या मूडवर सोडू नका. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने सरकारी कार्यालयांसाठी समाजमाध्यमांची मार्गदर्शक चौकट काढली, तिलाही आता दशकाहून अधिक काळ लोटला. उत्तरे कशी द्यावीत, नोंदी कशा ठेवाव्यात याचा विचार तीत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर मार्च २०२४ मध्ये सांगितले की अधिकारी सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार असताना, तो वापरून पानावर बोलत असेल, तर तिथे नागरिकाला ब्लॉक करणे ही सरकारचीच कृती ठरू शकते. आपल्याकडे एवढे तरी व्हावे : काय पुसले जाईल याचा नियम पानावर लिहा, पुसलेल्याची नोंद ठेवा, तक्रारीला क्रमांक द्या आणि ज्या भाषेत प्रश्न आला त्याच भाषेत उत्तर द्या.

हे जमत नसेल तर कमेंटची जागा बंद करा आणि वर स्पष्ट लिहा, 'येथे फक्त फोटो पाहावेत, तक्रारी कार्यालयात आणाव्यात.' निदान तो प्रामाणिकपणा तरी होईल. खिडकी म्हणून बोलवायचे आणि जवळ गेल्यावर भिंत निघायची, हा मात्र लोकांचा अपमान आहे.