चाकांचे तोंड काळे

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी आमचे भाचेबुवा पुण्याहून भोरला आले ते आपली थार गाडी घेऊन. मागच्या सीटवर मिठाईचे खोके असेल म्हणून आम्ही मोठ्या आशेने डोकावलो, तर तिथे पॉलिश पेपरची चळत, रंगाचे फवाऱ्याचे डबे आणि चिकटपट्टीची चार रिळे.

"मामा, चाकं काळी करायचीत. नटसुद्धा."

अंगणात सडा घालत असलेल्या आमच्या सौभाग्यवती जागच्या जागी थांबल्या. "दिवाळीच्या तोंडावर काळं? अरे, संक्रांतीला तरी यायचंस!"

पण भाच्याचेही खरे होते. मढे घाटाकडे, तोरण्याच्या पायथ्याशी, जिथे बैलगाडी न्यायलाही शेतकरी दोनदा विचार करील तिथे हा हौसेने गाडी घालतो. ही अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चंदेरी चाके दिसायला देखणी, पण त्यांच्यावरची पारदर्शक लाख दगडाने एकदा टवकली, की वेल्ह्याचा पाऊस त्या फटीतून आत शिरतो आणि लाखेखाली पांढऱ्या अळ्यांसारखी नक्षी पसरत जाते. चारही चाकांना ती झाली होती. रंग देणे भागच होते. काळा हा मात्र तरुणांचा हट्ट.

सेवानिवृत्त माणसाला दुसऱ्याच्या कामात हात घालण्याइतके सुख कशातच नाही. आम्ही बाह्या सरसावल्या. एकेक चाक काढून ओट्यावर आणले. डांबराचे डाग रॉकेलने, मग ब्रेकची काळी भुकटी साबणाने, असे तीनदा धुतले. कारण तेलकटपणाचा अंश राहिला तर रंग त्या जागी बसत नाही, फाटतो. मग ३२० नंबरचा कागद, त्यावर पाणी घेऊन ६०० चा. उघड्या अॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म पापुद्रा धरतो, म्हणून साधा रंग थेट न देता आधी त्या धातूला पकडणारा खास प्रायमर मारायचा. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि रिम यांच्या फटीत पत्ते खोचायचे. आमच्या रमीच्या जोडातली सगळी किलवरे त्या कामी खर्ची पडली. रंगाचे हात तीन, पण पातळ. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. हे सौभाग्यवतींनी स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितले. धिरडे घालणाऱ्या बाईला ते शिकवावे लागत नाही.

नटांचे खाते आम्ही स्वतःकडे घेतले. भाचा म्हणाला होता, "मामा, फक्त बाहेरून." आता चाळीस वर्षे आम्ही हिशेबाच्या वह्या लिहिल्या, अर्धे काम आम्हाला कसे रुचावे? आम्ही एकेक नट कागदाने घासला, बाहेरून रंगवला, खालची उतरती कड रंगवली, आटेसुद्धा कोरडे ठेवले नाहीत. तीन हात. चाकाच्या पाठीमागची, हबला टेकणारी जागा उघडी दिसली, तिच्यावरही ब्रश फिरवला. चाके चढली तेव्हा भाच्याने पान्यावर उभे राहून नट आवळले. गाडी अशी दिसू लागली, की गल्लीतली पोरे फटाके सोडून पाहायला आली.

भाऊबीजेला आमची धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, माहेरी आली होती. तिला शिवथरघळीला जायचे होते. सकाळी आम्ही चौघे वरंधा घाटाच्या रस्त्याला लागलो. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवतात, पण दिवाळीत तो हिरवागार असतो. नीरा-देवघर धरणाचे पाणी चमकत होते.

"दादा, काहीतरी वाजतंय," बहीण म्हणाली.

"फराळाचा डबा असेल," आम्ही म्हणालो.

डबा तिच्या मांडीवर होता. टक्, टक्, टक्. वेग कमी केला की आवाज कमी, वाढवला की जास्त. पुढे स्टिअरिंगही थरथरू लागले तेव्हा भाच्याने हिरडोशीच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि पाना काढला. त्याची गरजच पडली नाही. पुढच्या डाव्या चाकाचा पहिला नट बोटांनी फिरला. दुसराही. नटाखालून काळी भुकटी गळाली. ती आम्ही ओळखली. तो आमचा तिसरा हात होता.

कुणी काही बोलले नाही. अजून घाटाची वळणे यायची होती, आणि वळणांच्या एका अंगाला काय आहे ते ठाऊक नसलेला भोरचा माणूस नाही.

नट आवळून, दर दोन-तीन किलोमीटरला उतरून पाहत, आम्ही परत भोर गाठले. तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी चाक काढले, पाठ पाहिली आणि विचारले, "हे रंगकाम कुणाचं?" आम्ही आकाशातल्या कंदिलांकडे पाहू लागलो.

मग त्यांनी समजावले. आपल्याला वाटते चाक नटांना टांगलेले असते. तसे नाही. आवळल्यावर स्टड केसभर ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून बसते. ओझे पेलते ती त्या दोन धातूंमधली घसट. मध्ये रंगाचा थर आला की तो ब्रेकच्या उष्णतेने मऊ होतो, चेपतो, झिजतो. थर कागदाएवढाच असेल, पण स्टडचा ताणही तेवढाच असतो. रंग गेला की ताण गेला. पान्यावर उभे राहण्यानेही भले होत नाही, स्टड मर्यादेपलीकडे ओढला जातो. जोर मोजणारा टॉर्कचा पाना घ्यायचा, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

"मग नट काळे करायचेच नाहीत?" भाच्याने विचारले. त्याची हौस अजून शाबूत होती.

करतात की, मिस्त्री म्हणाले. ब्लॅकोडाइज म्हणतात त्याला. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवले, की त्याच्याच पृष्ठभागाचा काळा थर होतो, जेमतेम एक मायक्रॉनचा; मग तेलात बुडवायचे. आमच्या सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, "म्हणजे बिडाचा तवा." तंतोतंत नसले तरी जवळचे आहे. पण तो थर तेलाशिवाय पावसाला टिकत नाही, आणि आट्यांवर तेल राहिले तर त्याच जोरात नट जास्त आवळला जातो. शिवाय आपले नट क्रोमचे, ते क्रोम आधी उतरवावे लागेल. त्यापेक्षा त्याच मापाचे, त्याच उताराचे तयार काळे नट घ्या.

त्यांच्या उस्तादांनी विलीज जीपवर काम केलेले. थार हे नाव २०१० सालचे आणि आताचा नमुना २०२० चा असला तरी वंश त्या जीपचाच. तिच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, चालताना नट सैल होऊ नयेत म्हणून. कितीतरी शिकाऊ पोरांनी ते उलट्या दिशेला आवळून आवळून स्टड मोडल्याचे त्यांनी हसत सांगितले. आम्हाला बरे वाटावे म्हणून सांगितले असावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तारेच्या ब्रशने आणि थिनरने चाकांच्या पाठी आणि नटांच्या बैठका खरवडल्या. रंग निघता निघेना. काम चोख केले होते ना! नवे काळे नट मग पुण्याहून आले. चाके अजून काळी आहेत, आणि वर्षभरात वाजली नाहीत.

यंदाही भाऊबीजेला येते, असा बहिणीचा फोन आला. भाचा गाडी काढणार आहे. ती स्वारगेटहून एसटीने येणार आहे.